जनावर आडवं आलं

कोकणातून परत आल्यावर सगळ्यांनी मला एकच विचारले, समुद्र कसा आहे? मोठा आहे, असे मी सांगितले. समुद्र पाहायला मी गेलेच नव्हते. मी गेले होते मोटारीखाली मेलेले कोल्हे आणि मुंगसे पाहायला, आणि ती पाहून आले. आमच्या फलटणकडे हे कुणाला खरे वाटत नाही, म्हणून लिहून काढते आहे. ज्यांना तिकडे जायचे असेल त्यांना याचा थोडाफार उपयोग होईल. ज्यांना जायचे नाही त्यांची करमणूक होईल.

माझ्या भावाची मुलगी कुसुम पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. बी. एस्सी. झाली आहे, आता त्याच्या पुढचे काहीतरी चालले आहे. तिच्या प्राध्यापकांच्या डोक्यात आले की कुलाबा जिल्ह्यात किनाऱ्याकडे मोटाररस्ते झाले, रानातून गाड्या धावू लागल्या, तर रानातली कोणती जनावरे या गाड्यांखाली येतात, कुठे येतात आणि कोणत्या वेळी, हे कोणीतरी टिपून आणले पाहिजे. वर्गातल्या मुलांनी नाके मुरडली. कुसुम म्हणाली, मी जाते. भाऊ म्हणाला, एकटी जायचे नाही. त्याला नोकरी, त्याची बायको दम्याची. उरले मी. मला नवरा नाही, मुलगे आपापल्या शेतात असतात आणि सुनांना माझी फारशी आठवण येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले आहे आणि पायांनी धड आहे. मार्गशीर्षात आम्ही निघालो.

कुसुमच्या सामानात दोन लुगडी आणि बाकी सगळी हत्यारे. मोजायची टेप, चिमटा, रबराचे हातमोजे, स्पिरिटची बाटली आणि मेणकापडाची एक पिशवी. त्या पिशवीत काय काय जायचे होते हे मला आधी कळले असते तर मी माझी शिदोरी तिच्यापासून लांब ठेवली असती.

अलिबाग

आमच्याकडे रस्ता सरळ असतो आणि पुढच्या गावचे देऊळ आधीच्या गावातून दिसते. पेण सोडले की पुढचे काही दिसत नाही. एकीकडे डोंगर, एकीकडे भाताची खाचरे, मध्येच खाडीचे पाणी. पांढरे ढीग दिसले, मला वाटले चुन्याच्या भट्ट्या. ती मिठागरे होती. मीठ शेतात पिकते हे मी शाळेत वाचले होते, पण शाळेत वाचलेले सगळे खरे असते असे मी धरत नाही. हे निघाले खरे.

प्राध्यापकांच्या ओळखीच्या एका घरी उतरलो. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री भात. ज्वारीची भाकरी मिळेल का विचारले तर घरच्या बाई म्हणाल्या, मिळेल की, कोण आजारी आहे? त्यानंतर मी तो विषय काढला नाही. वालाचे बिरडे मात्र मी दोनदा मागून घेतले. ते आमच्याकडे कुणाला जमणार नाही, कारण वाल सोलत बसायला आमच्या बायकांना वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारस्टँडवर गेलो. चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. कुसुमने प्रश्न पुण्यातच तयार करून आणला होता. तो तिने जसाच्या तसा विचारला, "तुमच्या गाडीखाली कधी रानातलं जनावर आलं आहे का?"

त्यातला जाडा ड्रायव्हर म्हणाला, "जनावर तर पावसात रोजचं हाय."

कुसुम लिहू लागली. मी तिला थांबवले. म्हटले, हा गुरांचे सांगतो आहे. पावसात गुरे रस्त्यावर बसतात, आपल्याकडेही बसतात. गुरांचे तुला काय करायचे आहे? तिलाही पटले. तिने त्यावर रेघ मारली. दुसरा म्हणाला, जनावर कधी आले नाही, कोल्हा एकदा आला होता. मी कुसुमच्या कानात सांगितले की याला कोल्हा हे जनावर आहे हेसुद्धा माहीत नाही, आणि अशांच्या हातात सरकार गाडी देते. कुसुम हसली. अलिबागला आम्ही दोन दिवस होतो आणि तेवढ्यात तिने बऱ्याच रेघा मारल्या. त्यातल्या बहुतेक माझ्या सांगण्यावरून.

रेवदंडा

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना सकाळच्या उन्हात आम्ही रस्त्याचा बराच भाग पायी केला, कारण मेलेले जनावर मोटारीत बसून दिसत नाही. पहिले मिळाले मुंगूस. कुसुमने ते उलटेपालटे करून पाहिले, नाकापासून शेपटीपर्यंत मोजले, जवळचा मैलाचा दगड लिहून घेतला, दोन्ही बाजूंना काय आहे ते लिहिले, नारळाची वाडी आणि भाताचे खाचर. एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन चालली होती ती उभी राहिली. तिने विचारले, मुंगसाला काय भाव देता? आम्ही विकत घेत नाही, नुसते मोजतो, असे मी सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले, कुसुमकडे पाहिले आणि माझी कीव करून निघून गेली. मुलीला वेड लागले आहे आणि म्हातारी तिला सांभाळते आहे, असा तिचा समज झाला असावा. मी तो दूर केला नाही. त्यात निम्मे खरे होते.

रेवदंड्याला मासळी वाळत घालतात. बोंबील काठ्यांवर टांगलेले, खाली जवळा पसरलेला. वासाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. पण तोच बोंबील चुलीत भाजून, कांदा आणि लाल मिरची घालून चटणी केली की वास कुठे जातो कोण जाणे. ती मी दोन भाकऱ्यांबरोबर खाल्ली.

खाडी होडीने ओलांडावी लागते. दुपार कलली होती. होडीत आमच्यासमोर एक पस्तिशीचा माणूस बसला होता, खाकी सदरा, पायांत टायरच्या वहाणा आणि मांडीवर लोखंडाचा एक वाकडा दांडा. लॉरीच्या तोंडात घालून फिरवतात ते हॅण्डल. लॉरी कुठेच नव्हती. मी विचारले, बाबा, गाडी कुठे टाकलीस? होडीतली माणसे हसली. तोही हसला, पण थोडाच.

त्याचे नाव रामजी. श्रीवर्धनच्या आतल्या अंगाला त्याचे गाव, घरी भातशेती, आणि स्वतः तो श्रीवर्धनच्या एका सुपारीवाल्या शेठची लॉरी चालवायचा. सुपारी भरून म्हसळ्यावरून माणगाव आणि तिथून पनवेलला. महिन्यापूर्वी पहाटे खिंडीतून जाताना त्याची लॉरी रस्ता सोडून वहाळात, म्हणजे आपल्याकडच्या ओढ्यात, गेली. सुपारीची पोती भिजली, पुढचे चाक मोडले. शेठ म्हणाला, तू प्यायला होतास. रामजी दारूला शिवत नाही असे तो सांगत होता आणि होडीतल्या दोघांनी हो म्हणून माना हलवल्या. शेठ मुंबईला गेला होता, सोमवारी येणार होता. तो आला की रामजीने खरे काय झाले ते पटवून द्यायचे, नाहीतर हॅण्डल वखारीच्या पायरीवर ठेवून घरी जायचे. आणि पिऊन गाडी घातली असे एकदा शेठने म्हटले, की किनाऱ्यावर दुसरा कोणी त्याच्या हातात गाडी देणार नव्हता. अलिबागला तो काम विचारायला गेला होता. तिथे ती गोष्ट त्याच्या आधी पोचली होती.

"मग खरं काय झालं?" मी विचारले.

"जनावर आडवं आलं," रामजी म्हणाला.

कुसुमची पेन्सिल लगेच बाहेर आली. रंग कसा होता, तिने विचारले. रामजीने पाण्याकडे पाहिले आणि पिवळा म्हणून सांगितले. मी म्हटले, पिवळी गाय. शिंगे होती का, मी विचारले. "न्हाय, आजी." मग कालवड असणार, मी म्हटले. होडीवाला खोकला. रामजीने हॅण्डल या मांडीवरून त्या मांडीवर घेतले. मी कुसुमला सांगितले, मार रेघ.

खाडीपलीकडे

रामजीची आणि आमची वाट एकच होती. त्याने कुसुमची मेणकापडाची पिशवी उचलली आणि आत काय आहे ते कळल्यावरही खाली ठेवली नाही. तेव्हाच मी त्याला चांगला माणूस ठरवून टाकले.

मुरुडच्या अलीकडे आतल्या बाजूला त्याची बहीण दिलेली होती. तिच्याकडे मुक्काम केला. वाटेत एका वळणावर रस्त्यावर रक्ताचा डाग होता, केस होते आणि बाकी काही नव्हते. कुसुम गुडघ्यांवर बसली, केस चिमट्याने उचलले, भेकर असावे म्हणाली. पण भेकर कुठे गेले? आमच्याकडे रस्त्यावर मेलेले जनावर गिधाडे येईपर्यंत तिथेच पडून असते. इथे रानात आणि वस्तीत एवढे अंतर नाही. बहिणीच्या घरी पोचलो तर चुलीवर मोठे पातेले होते आणि ओटीवर शेजारपाजार जमला होता. कुसुमने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

ती सरळ चुलीपाशी जाऊन बसली. विचारले, याचा जबडा आहे का? रामजीची बहीण आधी घाबरली, तिला वाटले आम्ही जंगलखात्याच्या. रामजीने समजावले की या मोटारीखाली आलेल्यांची खानेसुमारी करतात. मग तिला असे हसू आले की हातातला डाव पातेल्यात पडला. ती म्हणाली, "जेवा आधी. मेल्यावर त्याला कसली घाई?" जेवण झाल्यावर जबडा राखेने घासून, धुऊन, केळीच्या पानात बांधून कुसुमच्या हातात आला. दात पाहून कुसुमने नर की मादी ते सांगितले. मी दोनदा वाढून घेतले होते. भेकराचे मांस बोकडापेक्षा मऊ असते. कुसुमच्या प्राध्यापकांना हे कळवायची गरज नाही असे आम्ही ठरवले.

तिथून राजपुरीला आलो, खाडी ओलांडून दिघीला उतरलो आणि मोटारीने श्रीवर्धन गाठले. वाटेत एक कोल्हा, एक साळिंदर आणि एक खवलेमांजर मिळाले. खवलेमांजर मी जन्मात पाहिले नव्हते. अंगभर नखे चिकटवल्यासारखे दिसते. मोटारीपुढे ते पळत नाही, गोळा होऊन बसते, म्हणून मरते. कुसुमला त्याचे वाईट वाटले. माझे म्हणणे असे की ज्याला पळता येते त्याने पळावे.

श्रीवर्धन

श्रीवर्धन पोफळींच्या सावलीत आहे. घराघरामागे सुपारीची बाग, पाटाचे पाणी, दुपारीसुद्धा गारवा. इथली सुपारी मोठी आणि मऊ, अडकित्त्याला त्रास देत नाही. माझे मागचे दात गेलेले आहेत, त्यामुळे मला हे महत्त्वाचे वाटले.

शेठ दुसऱ्या दिवशी यायचा होता. रामजी म्हणाला, तोवर घरी चला. त्याचे गाव डोंगराच्या पायाशी आहे. भात कापून झाले होते, घरापुढे पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. त्याची बायको सखू उखळात भात कांडत होती. तिने आम्हाला पाणी दिले, गूळ दिला आणि नवऱ्याला एवढेच विचारले, काम मिळाले का? त्याने नाही म्हणून मान हलवली. ती पुन्हा कांडू लागली. चार घाव तिने जरा जोरात घातले.

मला रिकामे बसवत नाही. चुलीला लाकडे हवी होती म्हणून मी पडवीत जाऊन लाकडांच्या ढिगाला हात घातला. सखू आतून ओरडली, "आजी, जनावर!"

मी दाराकडे पाहिले. मला वाटले म्हैस आत शिरली. दारात म्हैस नव्हती. "कुठे आहे?" म्हणून मी वळते आहे तोच काहीतरी गार माझ्या पायावरून गेले. सखूने मला दंडाला धरून मागे ओढले. हातभर लांबीचा साप होता. तो सावकाश भिंतीच्या फटीत गेला.

साप पाहून मी घाबरले नाही, साप आमच्याकडेही आहेत. पण म्हैस शोधत उभी राहिल्यामुळे मी मेले असते याचा मला राग आला. मी सखूला म्हटले, साप आहे तर साप म्हण की. तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "आमच्यात नाव घेत न्हाय, आजी. नाव घेतलं की ते आपल्या वाटेत थांबतं. जनावर म्हनायचं."

"आणि गुरांना काय म्हणता?"

"गुरं," सखू म्हणाली. आणखी काय म्हणणार, असा तिचा चेहरा.

आमच्याकडेही रात्री सापाला लांबडं म्हणतात, तेव्हा यात मला नवल नव्हते. पण मग एक गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि मी तिला विचारले, रामजीच्या गाडीपुढे आले ते पिवळे जनावर सापच असेल, तर एवढ्या सापासाठी लॉरी वहाळात कशी जाईल? सखूने मुसळ भिंतीला टेकवले. "ते हे न्हाय. ते मोठं जनावर." मोठे म्हणजे कोण, मी विचारले. तिने हनुवटीने डोंगराकडे दाखवले. मग पंजा वर करून बोटे वाकवली आणि त्याच हाताने कमरेवर आडव्या रेघा ओढून दाखवल्या.

पिवळी, बिनशिंगाची कालवड म्हणजे ढाण्या वाघ होता. आमच्या भागात वाघ कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याला दुसरे नाव ठेवायची वेळ आमच्यावर आली नाही. लांडग्याला आम्ही लांडगाच म्हणतो.

कुसुम हे सगळे ऐकत उभी होती. ती ओटीवर बसली आणि तिने कपाळ धरले. अलिबागपासून तिने मारलेल्या रेघांखाली सगळे साप होते, आणि कोण जाणे, एखादा बिबळ्याही असेल. तिच्या प्राध्यापकांना वाटले असते की कोकणात मोटारीखाली साप येतच नाही. ती मला बोलली असती तर मी ऐकून घेतले असते. मी म्हटले, रेघ मारली आहे, खोडले नाही, खालचे वाचता येते. आणि आता प्रश्न बदल. "जनावर" विचारू नकोस. तूच एकेकाचे नाव घे आणि त्यांना हो की नाही एवढेच विचार. नाव तुझ्या तोंडी, त्यांच्या नाही.

त्याच दिवशी श्रीवर्धनच्या मोटारस्टँडवर तिने तसे करून पाहिले. ड्रायव्हर आधी दचकले, मग खूश झाले. घोणस? व्हय. नाग? व्हय. अजगर? व्हय, दोनदा. अलिबागला दोन दिवसांत मिळाले नव्हते तेवढे तिला एका चहात मिळाले.

मी रामजीला विचारले, वाघ होता तर महिनाभर गप्प का बसलास? त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याच्या घराला काडी लावली. मग म्हणाला, गप्प कुठे बसलो, शेठला पहिल्याच दिवशी सांगितले, जनावर आडवे आले. शेठला कळले नाही त्याला तो काय करणार?

शेठची वखार

सोमवारी शेठ आला. गोरा, बुटका, दोन वर्षांपूर्वीच मुंबईहून इथे येऊन बसलेला. वखारीत सुपारीची पोती छतापर्यंत लावलेली होती आणि पायरीवर पनवेलहून आणलेला नवा ड्रायव्हर गळ्यात रुमाल बांधून विडी ओढत होता. दुरुस्त झालेली लॉरी भरून दारात उभी होती. म्हणजे शेठने मनात ठरवलेले दिसत होते.

शेठने आम्हाला बसायला पोते दिले आणि स्वतःचे गाऱ्हाणे सांगितले. "मी याला काय विचारला? जनावर आडा आला तर मालक कोन? त्याच्याकडून मी भरपाई घेईन, तुला कशाला काढू? तर हा बोलतो, डोंगराचा. मी डोंगरे भटजींच्या घरी गेलो. भांडलो त्यांच्याशी. ते बोलले, शेठ, माझ्या घरात मांजर पण नाही."

पायरीवरचा ड्रायव्हर विडीच्या धुराने गुदमरला. रामजी हसला नाही. मी शेठला सांगितले, ती गाय नव्हती. मग काय होते, शेठने विचारले, पण माझ्याकडे पाहून नाही. त्याने रामजीकडे बोट केले. "तू बोल. हे लोक पुण्याचे, यांना काय माहीत? तुझ्या तोंडाने बोल."

रामजीने हॅण्डल जमिनीवर ठेवले आणि मान खाली घातली. मला राग आला. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटले, एक शब्द बोलायचा आहे, तेवढ्यासाठी बायकोची चूल विझवतोस का?

"आजी," रामजी म्हणाला, "तुमी उद्या जानार. शेठ वखारीत बसनार. खिंडीतनं मला जायचं हाय."

मग मीच सांगते म्हणून मी तोंड उघडले, तर कुसुमने माझा हात दाबला. ती हळूच म्हणाली, तू सांगितलेस तर ती तुझी गोष्ट होईल, त्याची नाही. ती पोत्यावर नीट बसली, वही मांडीवर घेतली आणि स्टँडवर बोलत होती त्याच सुरात विचारू लागली. कोल्हा होता? न्हाय. रानडुक्कर? न्हाय. तरस? न्हाय. बिबळ्या? न्हाय, त्याच्या अंगावर ठिपके असतात.

"ढाण्या वाघ?"

"व्हय," रामजी म्हणाला.

एवढे झाल्यावर त्याचे तोंड सुटले. डोंगराकडून उतरले, वहाळाकडे जायचे होते, रस्त्याच्या मध्ये आले आणि दिवा पाहून तिथेच उभे राहिले. उजवीकडे दरी, डावीकडे वहाळ. त्याने डावीकडे घेतली. हे सगळे त्याने नाव न घेता, पण मला आणि शेठला दोघांनाही समजेल असे सांगितले.

शेठ म्हणाला, तुम्ही याला शिकवून आणले. मी सांगितले की शिकवायचे असते तर आम्ही ससा शिकवला असता, तो तरी याने मोठ्याने म्हटला असता. शेठ यावर विचार करत होता तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. नव्या ड्रायव्हरने विचारले, खिंड म्हणजे कुठली? म्हसळ्याच्या वाटेवरची? रामजीने मान हलवली. नव्या ड्रायव्हरने विडी विझवली, रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि शेठला अगदी सभ्यपणे विचारले, पनवेलला जायला आता मोटार आहे का? शेठने त्याला परत बोलावले, पगार वाढवायची गोष्ट काढली. तो म्हणाला, पगार चांगला आहे शेठ, पण मला पोरे आहेत. आणि तो स्टँडच्या दिशेने चालू लागला.

भरलेली लॉरी दारात उभी. पनवेलचा व्यापारी वाट पाहणार. शेठने पोत्यांकडे पाहिले, लॉरीकडे पाहिले, मग रामजीला म्हणाला, "उचल हॅण्डल. पण भिजलेल्या पोत्यांचा मला दुःख आहे, हे ध्यानात ठेव."

रामजीने हॅण्डल उचलले नाही. तो कुसुमकडे वळला. "ताई, नाव तुमी घेतलंत. पहिल्या खेपेला तुमी गाडीत बसायचं."

हे त्यांच्यात तसेच असते, ज्याने नाव घेतले त्याने त्या वाटेने पहिल्यांदा बरोबर जायचे. शेठला ही अट फार आवडली, कारण तीत त्याचे काही जात नव्हते. मलाही आवडली. आम्हाला माणगावलाच जायचे होते आणि लॉरीत पुढे बसायला मिळते तर मोटारीत कोंबून कोण घेईल?

खिंड

दुसऱ्या दिवशी उन्हे चांगली वर आल्यावर निघालो. कुसुम मध्ये, मी दाराशी. सखूने मला वाटेसाठी घावन आणि नारळाची चटणी बांधून दिली होती. तिने माझ्या पाया पडून सांगितले, आजी, बोलायचे ते माणगावला पोचल्यावर बोला. मी कबूल केले.

म्हसळ्याकडे जाणारा रस्ता वर चढतो तेव्हा मागे समुद्र दिसतो. पुढे साग, ऐन आणि बांबूची बेटे, रस्ता एका लॉरीपुरता. खिंडीच्या वळणावर रामजीने गाडी थांबवली, इंजिन बंद केले नाही. डाव्या हाताला वहाळ होता, त्याच्या काठाची माती अजून फाटलेली होती आणि एक जांभूळ मुळासकट कललेले होते. उजव्या हाताला दरी. मी पुढे वाकून रामजीच्या बाजूने खाली पाहिले आणि परत सरळ बसले. डावीकडे घेतली हे बरे केले.

कुसुम टेप घेऊन उतरली. रस्त्याची रुंदी मोजली, वळणापासून अंतर मोजले, झाडे लिहून घेतली. रामजी चाकावर हात ठेवून दोन्ही बाजूंच्या रानाकडे बघत होता. ती परत येऊन फळीवर पाय ठेवून उभी राहिली आणि तिने शेवटचा प्रश्न विचारला. गाडी त्याला कुठे लागली? पायाला, पाठीला?

"लागली न्हाय," रामजी म्हणाला.

कुसुमची पेन्सिल थांबली. ती मला म्हणाली, आत्या, हे धरता येणार नाही. टक्कर झाली असेल तरच नोंद करायची, तसे ठरलेले आहे. मी म्हटले, लॉरी वहाळात गेली, चाक मोडले, याची नोकरी जायची राहिली, आणखी कसली टक्कर पाहिजे तुझ्या प्राध्यापकांना? ती म्हणाली, जनावराला लागायला हवे होते.

रामजीला हे सगळे कळत होते. तो कुसुमकडे वळून म्हणाला, "मी वळवली म्हणून न्हाय लागली, ताई. ते लिवा."

कुसुम माझ्या शेजारी चढून बसली आणि गुडघ्यावर वही धरून पानाच्या कडेला, जिथे रकाना नव्हता तिथे, हाताने एक उभी रेघ ओढली. रेघ वाकडी आली, कारण इंजिन चालू होते. वर तिने लिहिले, "वाचलेले". खाली ठिकाण लिहिले, पहाटेची वेळ लिहिली, चालकाचे नाव रामजी म्हणून लिहिले. मग प्राण्याचे नाव लिहिले. लिहून झाले की बरोबर आहे ना म्हणून ती एरवी मला सगळे मोठ्याने वाचून दाखवते. या वेळी तिने वही माझ्यापुढे धरली, मी ते मनातल्या मनात वाचले आणि मान हलवली. रामजीने गाडी गिअरमध्ये टाकली.